गाळलेल्यांचाही हिशेब

आपल्या खामगावकडच्या जिनिंगमध्ये कापसाची रुई वेगळी होते, सरकी वेगळी. गाठी रुईच्या बांधतात. पण सरकीचंही वजन मांडतात. नाहीतर कापसाचा उतारा कळायचा कसा? भौतिकशास्त्रातली एक मोठी मोजणी याच तत्त्वावर उभी आहे आणि तिच्यात मुंबईचाही वाटा आहे.

फोर्ट्रान ही संगणकाची भाषा आयबीएमने १९५७ साली आणली. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ साली सीडीसी ३६०० हा संगणक आला, आणि छिद्रं पाडलेल्या कार्डांवर फोर्ट्रानचे प्रोग्रॅम चालू लागले. पुढे या संस्थेतले शास्त्रज्ञ जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत ‘एल-३’ प्रयोगात सहभागी झाले. तिथेही भाषा फोर्ट्रानच होती.

ऑगस्ट १९८९ मध्ये तिथल्या २७ किलोमीटर परिघाच्या बोगद्यात इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन एकमेकांवर आदळू लागले. एकेका टकरीची नोंद म्हणजे एक ‘इव्हेंट’. पण नोंदींत वैश्विक किरणांसारखा कचराही शिरतो. म्हणून प्रोग्रॅम प्रत्येक घटना ‘रीड’ने वाची, ‘इफ’ने तपाशी. ऊर्जा पुरेशी आहे? कण पुरेसे आहेत? कसोटीला उतरली तर ‘राइट’ने नव्या फाइलीत, नाहीतर पुढची.

शोध कशाचा होता? निसर्गात हलके न्यूट्रिनो किती प्रकारचे, याचा. न्यूट्रिनो यंत्राला दिसत नाहीत. त्यांचे प्रकार जितके जास्त, तितका ‘झेड’ कणाच्या दिसणाऱ्या घटनांच्या आलेखाचा माथा ठेंगणा. म्हणजे एखाद्या कडक ‘इफ’मुळे चांगल्या घटना गळाल्या आणि त्या हिशेबात धरल्याच नाहीत, तर नसलेला चौथा न्यूट्रिनो कागदावर जन्माला यायचा!

म्हणून संगणकाने रचलेल्या नकली घटना त्याच चाळणीतून काढीत. शंभरातल्या किती गळतात हे कळलं, की खऱ्या मोजणीत तेवढी दुरुस्ती. एकूण टकरींचं माप काढायला ‘भाभा विकिरण’ उपयोगी पडलं. त्याचं गणित टाटा संस्थेचे संस्थापक होमी भाभा यांनी १९३६ सालीच प्रसिद्ध केलं होतं. ऑक्टोबर १९८९ मध्ये उत्तर जाहीर झालं : न्यूट्रिनो तीनच.

कवीलाही निवड चुकत नाही. गालिबचा उर्दू दिवान १८४१ साली छापला गेला, तेव्हा त्याने आधीच्या कितीतरी रचना गाळल्या होत्या. भोपाळला सापडलेल्या १८२१ च्या हस्तलिखितामुळे त्या १९२१ साली छापून आल्या, आणि त्याची निवड आपल्याला पारखता आली. निवडणाऱ्याने गाळलेल्याचा हिशेब ठेवला, तरच निवडलेल्यावर विश्वास ठेवता येतो.