कानबान व लीन उत्पादनपद्धती : भंडारा जिल्हा

पुढच्या टप्प्याने मागितल्याशिवाय मागच्या टप्प्याने माल बनवायचा नाही, या तत्त्वावरची कार्डपद्धती म्हणजे कानबान. टोयोटा कंपनीतील ताइची ओनो (1912–90) यांनी 1953 मध्ये ती मशीन शॉपमध्ये सुरू केली. गिऱ्हाइकाने उचलला तेवढाच माल फळीवर पुन्हा भरायचा, ही अमेरिकी सुपरमार्केटची रीत तिच्यामागे होती. टोयोटाच्या या एकूण उत्पादनपद्धतीला ‘लीन’ हे नाव संशोधक जॉन क्राफ्चिक यांच्या 1988 च्या लेखापासून रूढ झाले. ओनोंनी सांगितलेल्या सात अपव्ययांत गरजेपेक्षा जास्त उत्पादन हा मूळ दोष; बाकीचे बहुतेक त्याच्याच पोटी येतात.

कार्डांचे गणित : पद्धतीचा खरा गाभा येथे आहे, भिंतीवरच्या रंगीत फलकांत नाही. रोजची मागणी गुणिले पुनर्भरणाचा काळ, त्यात थोडी राखीव भर, भागिले एका बिनमधील (मालाच्या डब्यातील) नग, म्हणजे कार्डांची संख्या. समजा, जुळणीला दिवसाला 240 गिअर लागतात, बिन भरून परत यायला अर्धा दिवस जातो, राखीव 10 टक्के आणि बिनमध्ये 12 नग. तर 11 कार्डे पुरतात. बारावे कार्ड फिरू लागले की शॉपमध्ये माल साचू लागतो. कार्डाविना बिन हलवायचा नाही आणि सदोष नग पुढे द्यायचा नाही, हे दोन नियम मोडले तर गणित निरर्थक ठरते.

गिअरबॉक्स उत्पादन : जिल्ह्यात या पद्धतीला सर्वांत जवळचा उद्योग हा. अशोक लेलँडचा गडेगाव (ता. लाखनी) येथील कारखाना 1982 मधला, तेथे सिंक्रोमेश गिअरबॉक्स तयार होतात व अवजड वाहनांची जुळणीही होते. गिअरचा सर्वसाधारण प्रवास फोर्जिंग, टर्निंग, हॉबिंग, उष्णतासंस्करण, ग्राइंडिंग, जुळणी असा असतो. हॉबिंगपर्यंत लहान लॉट चालतात, पण कटर बदलून सेटिंग करायला वेळ लागत असेल तर कामगार साहजिकच मोठा लॉट काढतो. म्हणून आधी सेटिंगचा वेळ कमी करावा लागतो. जपानी अभियंते शिगेओ शिंगो यांचे काम याच विषयावर आहे. उष्णतासंस्करणातील कार्बुरायझिंगची भट्टी मात्र तासन्‌तास चालते व एकदम भरावी लागते. तिच्या अलीकडे ढीग होणारच. तेथे बिनगणिक कार्ड सोडून ढिगात ठरावीक उंचीवर एकच संकेत-कार्ड लावतात. माल तिथवर उतरला की पुढचा लॉट सुरू करायचा.

स्फोटके : जवाहरनगरचा आयुधनिर्माणी कारखाना 1964 चा असून 2021 पासून म्युनिशन्स इंडिया लिमिटेडकडे आहे. स्फोटकांच्या कामात एका इमारतीत एका वेळी किती माल व किती माणसे असावीत याची मर्यादा ठरवून दर्शनी भागी लिहिलेली असते. अर्धवट मालावर मर्यादा घालण्याचे कानबानचे तत्त्व येथे सुरक्षिततेच्या अंगाने, कानबानचे नाव न घेता पाळले जाते. 

भातगिरण्या : खरिपाचे धान नोव्हेंबरपासून आधारभूत किमतीच्या खरेदी केंद्रांवर एकदम येते, मागणीप्रमाणे आवक ही कल्पनाच तेथे लागू पडत नाही. भरडाईच्या बारदान्याला मात्र टू-बिन पद्धत सहज लावता येते : पहिली थप्पी संपली की मागणी नोंदवायची आणि तोवर दुसरी वापरायची.

शासकीय योजना : केंद्राच्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांसाठीच्या लीन योजनेचे नवे रूप 10 मार्च 2023 रोजी सुरू झाले. प्राथमिक, मध्यम व प्रगत असे तीन स्तर. सल्लागाराच्या खर्चाचा 90 टक्के वाटा केंद्राचा.

श्रमिकांवरील परिणाम : या पद्धतीचा कामगारांवर काय परिणाम होतो, याविषयी मतभेद आहेत.

कार्यालये : कार्यालयीन कामात कानबान म्हणजे ‘करायचे, चालू, झाले’ अशा तीन रकान्यांचा फलक.