चाळणीमागून चाळणी

सुरतेच्या हिरेबाजारात बारीक मालाची पुडी उलगडली, की वर्गवारी करणारा एकेक खडा प्रत्येक प्रतीशी ताडत बसत नाही. आधी नंबरी चाळण्या: 'मायनस टू' खाली गळतो, 'प्लस टू' वर राहतो. मग रंग, मग भिंगाखाली शुद्धता. प्रत्येक टप्प्यावर एकच प्रश्न, की बाकीचा पसारा नजरेआड. माहिती आवळणाऱ्या गणितातल्या 'वृक्षरूप सदिश क्वांटायझर'चा खाक्या हाच.

चित्राचे 4 × 4 ठिपक्यांचे चौकोन पाडले, की प्रत्येकात 16 आकडे येतात; हाच सदिश. ते सगळे पाठवण्याऐवजी तयार नमुन्यांतला सर्वांत जवळचा शोधायचा आणि नुसता त्याचा क्रमांक धाडायचा. नमुन्यांचा हा संच म्हणजे कोडबुक. तो बांधायची प्रसिद्ध रीत लिंडे, बुझो आणि स्टॅनफर्डचे रॉबर्ट ग्रे यांनी 1980 च्या जानेवारीत दिली. तिचं बीज बेल लॅब्जच्या स्टुअर्ट लॉइड यांच्या 1957 च्या टिपणात होतं. ते छापून यायला मात्र 1982 उजाडलं!

अडचण शोधण्याची होती. नमुने 1024, तर प्रत्येक चौकोनामागे 1024 अंतरं मोजा. हीच रीत आवाजालाही लावायची; पण माणूस बोलत असतानाच त्याचा आवाज आवळायचा, तर तेव्हाच्या यंत्रांना हे झेपणारं नव्हतं. म्हणून त्याच वर्षी बुझो, ग्रे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी झाड उभं केलं: दोन फांद्यांतली जवळची धरा, पुढे पुन्हा दोन. 10 पातळ्या, अवघी 20 अंतरं. हे फुकटात नव्हतं. फाट्यांवरचेही नमुने साठवायचे, म्हणजे जागा जवळपास दुप्पट. आणि वरच वाट चुकली, तर सर्वांत जवळचा नमुना हुकतो तो हुकतोच. पुढे 1989 मध्ये चाऊ, लुकाबॉ आणि ग्रे यांनी संख्याशास्त्रातून छाटणी आणली: झाड आधी भरपूर वाढवायचं, मग जिचा बोजा जास्त नि फायदा कमी, ती फांदी कापायची.

आपल्याकडची फांदी मुंबईची. आयआयटीत वर्षानुवर्षं शिकवलेले डॉ. एच. बी. केकरे आणि तनुजा सरोदे यांनी 2008 मध्ये राजकोटच्या परिषदेत कोडबुक बांधायची रीत मांडली. तिच्या वाटणीत अंतर मोजणंच नाही. चौकोनांच्या गटाची सरासरी काढा; चौकोनातला पहिला आकडा सरासरीतल्या पहिल्याहून लहान असेल तर तो चौकोन इकडे, नाहीतर तिकडे. पुढच्या फेरीत दुसरा आकडा. गुणाकार नाहीत, म्हणून वेग अफाट. मला ही युक्ती सर्वांत धीट वाटते, आणि थोडी बेफिकीरही: 1024 नमुने 10 फेऱ्यांत तयार होतात, त्यामुळे 16 पैकी शेवटच्या 6 आकड्यांना वाटणीत कुणी विचारतच नाही, ते फक्त सरासरीत धरले जातात.