मिठागराने टाकून दिलेला समुद्र

पूर्व द्रुतगती मार्ग आणि ठाण्याची खाडी यांच्या मधल्या पट्ट्यात मुलुंड, भांडुप, कांजूरमार्गची मिठागरे आहेत. त्यांच्याविषयी हल्ली जे लिहिले जाते ते जमिनीच्या भावापुरते. 2024 मध्ये धारावीच्या पुनर्वसनासाठी यांतली सुमारे 256 एकर जमीन घेण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने केला, तेव्हाही चर्चा एकरांचीच झाली. तिथे चाललेल्या कामाची संभावना मात्र ‘ऊन वाळवते, मजूर गोळा करतो’ एवढ्यावरच होत आली. माझे म्हणणे असे की हा मुळात पाण्याच्या रसायनाचा उद्योग होता. आणि अंधेरी-बोरिवलीच्या सदनिकेत आज खाऱ्या पाण्याची नवी टाकी मांडणाऱ्याला जी अडचण येते तिचा उलगडा या उद्योगाने जपलेल्या मिठात नाही, त्याने टाकून दिलेल्या पाण्यात आहे.

समुद्राच्या एक किलो पाण्यात सरासरी 35 ग्रॅम क्षार असतात. खायचे मीठ त्यातले जेमतेम 78 टक्के. बाकी मॅग्नेशियम, सल्फेट, कॅल्शियम, पोटॅशियम वगैरे. नुसते पाणी आटवले तर हे सगळेच पदरात पडते. 1930 च्या मिठाच्या सत्याग्रहात विलेपार्ल्याच्या छावणीतल्या सत्याग्रहींनी समुद्राचे पाणी उकळून मीठ केले. कायदा मोडायला ते पुरेसे होते, पण भांड्यात शेवटपर्यंत आटवलेल्या पाण्याचे मीठ कडवट होणारच. मिठागरात असे आटवत नाहीत. उधाणाच्या भरतीचे पाणी बांधाआड घेऊन एका वाफ्यातून दुसऱ्यात सरकवतात. युसिग्लिओ या रसायनशास्त्रज्ञाने भूमध्य समुद्राचे पाणी आटवून 1849 मध्ये त्यातला क्रम मांडला: आधी कॅल्शियम कार्बोनेट बसते, मग जिप्सम, आणि मूळ पाण्याचा जवळपास दहावा हिस्सा उरला की मीठ धरू लागते. त्यापुढे पाणी तसेच ठेवले तर मॅग्नेशियमचे क्षार मिठात शिरतात, म्हणून ते कडू पाणी वेळेवर काढून द्यावे लागते. कुणी म्हणेल, मिठागरांत राबणाऱ्या आगऱ्यांना कुठे ठाऊक होते कॅल्शियम आणि मॅग्नेशियम? नावे ठाऊक नसतील. पण कोणते पाणी कधी पुढच्या वाफ्यात सोडायचे आणि कधी खाडीत, हा निर्णय चुकला की माल बिघडतो. चूक ओळखता येते आणि तिची किंमत मोजावी लागते अशा निर्णयाला ज्ञान म्हणायला काय हरकत आहे?

काढून दिलेले पाणी निरुपयोगी होते, हा आक्षेपही टिकत नाही. मुंबईच्या कापडगिरण्यांना सुताच्या खळीसाठी मॅग्नेशियम क्लोराइड लागे आणि ते जर्मनीहून येई. पहिल्या महायुद्धात तो माल बंद झाला, तेव्हा गुजरातेत खाराघोड्याला मीठ काढून उरलेल्या पाण्यातूनच ते बनू लागले. गिरण्यांच्या शहरालगतच तसले पाणी खाडीत जात होते! सरकारचा कर मात्र तोललेल्या मिठावर असे, त्यामुळे दप्तरी नोंद मिठाचीच.

आता टाकीकडे या. ‘चॅलेंजर’ जहाजाच्या समुद्रसंशोधन मोहिमेत जगभरच्या समुद्रांतून आणलेले 77 नमुने तपासून रसायनशास्त्रज्ञ डिटमार यांनी 1884 मध्ये दाखवले की पाणी कमी-जास्त खारट असेल, पण त्यातल्या मुख्य क्षारांचे परस्परप्रमाण जवळपास सगळीकडे तेच. मासे आणि प्रवाळ त्या प्रमाणात वाढलेले असतात. नळाच्या पाण्यात खायचे मीठ घातले तर हायड्रोमीटर खारटपणाचा योग्य आकडा दाखवील. तो फसतो, कारण त्याला फक्त घनता कळते. समुद्राच्या पाण्यातले किलोमागे सुमारे 1290 मिलिग्रॅम मॅग्नेशियम आणि 410 मिलिग्रॅम कॅल्शियम त्याला दिसत नाही. शिवाय मॅग्नेशियम कमी पडले की कॅल्शियम आणि कार्बोनेट पाण्यात टिकत नाहीत, हीटरवर नि पंपावर पांढरा थर होऊन बसतात. मिठागरातल्या पहिल्या वाफ्यात जे व्हायला हवे तेच टाकीत नकोसे होते.

वर्सोव्याचा समुद्र जवळ असताना कृत्रिम क्षार विकत कशाला आणायचे, असे विचारले जाते. प्रमाण तिथे तयारच मिळते हे खरे. पण पावसाळ्यात किनाऱ्याचे पाणी गोडावते, मिठागरेही त्या महिन्यांत बंदच असतात. आणि उरलेल्या वर्षभर त्यात शहराचे सांडपाणी मिसळलेले असते. मग मिठागरातलेच मीठ आणि तिथलेच कडू पाणी पुन्हा एकत्र केले तर? कल्पना मोहक आहे, पण त्या दोन्हींतून कॅल्शियम बहुतांशी आधीच गेलेले असते. ते मागच्या वाफ्यांच्या तळाशी जिप्सम आणि चुनखडी होऊन बसलेले, आणि त्यातली चुनखडी तर साध्या पाण्यात सहजी परत विरघळत नाही. म्हणून टाकीवाला कॅल्शियम क्लोराइड वेगळे मोजून घातलेल्या क्षारांची पिशवी आणतो.