मागच्या रांगेतले वाद्य : नारायणगावचा तमाशा आणि सुरत्याचे तुणतुणे

गुढीपाडव्याच्या सुमारास पुणे-नाशिक रस्त्यावरील नारायणगावात तमाशा फडांच्या राहुट्या लागतात. जुन्नर, आंबेगाव, खेड आणि त्यापलीकडच्या गावांचे यात्रा कमिटीवाले तेथे येतात, तारीख धरतात, सुपारी ठरवतात. राहुटीच्या फलकावर फडाचे नाव ठळक असते. नर्तकीचे असते, सोंगाड्याचे असते, कधी ढोलकीपटूचेही असते. तुणतुणे धरणाऱ्याचे नाव मात्र शोधावे लागते.

हा धागा त्या माणसाविषयी आहे. मोठा आहे, सवडीने वाचावा.

बँड करणाऱ्या तरुणांना एक प्रसंग ओळखीचा असेल. चार मित्र जमतात, तिघांना गिटारच हवी असते, आणि अखेर एकाला नाइलाजाने बेसकडे वळावे लागते. जगातले सर्वांत प्रसिद्ध उदाहरणही याच जातीचे. १९६१ मध्ये हॅम्बुर्ग येथे स्टुअर्ट सटक्लिफने बीटल्स सोडले आणि तोवर गिटार व पियानो वाजवणाऱ्या पॉल मॅकार्टनीच्या गळ्यात बेस पडला. बेस हे मागे उभे राहणाऱ्याचे वाद्य, अशीच तेव्हा समजूत होती. त्याची कामे दोन : गाण्याचा पायाचा स्वर धरून ठेवणे आणि ताल देणाऱ्याच्या पावलाशी पाऊल जुळवणे.

तमाशाने हीच दोन कामे दोन माणसांत वाटून टाकली होती.

पायाचा स्वर तुणतुण्याकडे. लाकडी नळकांड्याचे एक तोंड कातड्याने मढवलेले. त्या कातड्याच्या मध्यातून निघालेली एकच तार बाहेर जोडलेल्या दांडीवरील खुंटीपर्यंत ताणलेली. पडदे नाहीत, दुसरी तार नाही. वाजवणाऱ्याला सुरत्या म्हणतात. तो मुख्य गायकाच्या मागे उभा राहून षड्ज धरतो आणि ओळ संपली की वरच्या पट्टीत झील ओढतो. मंजिरी वाजवणारा दुसरा सुरत्या त्याच्या जोडीला असतो.

खर्ज मात्र तुणतुण्याचा नव्हे. तो ढोलकीच्या डाव्या तोंडाचा. उजव्या पुडीला शाई असते आणि ती गायकाच्या स्वरात मिळवलेली असते. डाव्या पुडीला आतून तेलकट मसाला असतो, आणि तळहाताच्या दाबाने तिचा घुमारा वरखाली सरकतो. ही धूम. जोडीला हलगी, जिला तमाशात कडे म्हणतात. तिचा आवाज कडक, टिपरीचा. ध्वनिक्षेपक नसलेल्या काळात, पलित्यांच्या उजेडात, गावाबाहेरच्या माळावर शेवटच्या माणसापर्यंत पोहोचायचे ते या वाद्यांच्याच बळावर.

तुणतुण्यात एक अडचण आहे, जी गिटारवाल्यांना लगेच कळेल. तारेचे एक टोक कातड्यालाच बांधलेले असल्यामुळे कातडे सैल पडले की स्वर उतरतो. तमाशा रात्री रंगात येतो आणि दव पडते तेही रात्रीच. हलगी जाळावर शेकून ताणून घेता येते. सुरत्याला मात्र चालू गाण्यात खुंटी पिळत आपला षड्ज सांभाळावा लागतो. गायक भरकटला तर त्याला परतायला जागा हवी, आणि ती जागा म्हणजे ही एक तार. वग सुरू झाला की हाच सुरत्या पुढे येऊन एखादे पात्रही होतो. मागची रांग ही रिकाम्या माणसांची रांग कधीच नव्हती.

मराठी भाषेने मात्र त्याला न्याय दिलेला नाही. तेच ते बोलणाऱ्याला आपण ‘तेच तुणतुणे वाजवतो’ म्हणतो. वास्तविक तेच ते वाजवणे हाच त्या वाद्याचा धर्म. ते वेगळे वाजू लागले तर फड बसेल.

पेशवाईच्या उत्तरकाळातील शाहिरांची नावे आपल्याला ठाऊक आहेत : अनंत फंदी, राम जोशी, प्रभाकर, सगनभाऊ. यामागे एक साधे कारण आहे. रचना करणारा शेवटच्या कडव्यात आपले नाव गुंफत असे. सुरत्याला असे कडवे नव्हते. होनाजी-बाळा हा ठळक अपवाद. होनाजी रचणारा, बाळा गाणारा; फडाचे नावच जोडीने पडल्यामुळे दुसरा माणूस टिकला. नारायणगावच्या भाऊ-बापू मांग यांच्या फडातही दोन भावांची नावे अशीच एकत्र राहिली.

या फडापाशी जरा थांबले पाहिजे. नारायण खुडे यांनी उभा केलेला हा तमाशा पुढे भाऊ-बापूंनी चालवला आणि भाऊंची मुलगी विठाबाई यांनी तो महाराष्ट्रभर नेला. १९५७ आणि १९९० अशी दोनदा त्यांना राष्ट्रपती पदके मिळाली. २००२ मध्ये त्यांचे निधन झाले. गिटार सोडून बेस घेणाऱ्याची तुलना येथे अपुरी पडते. बँडमधला मुलगा वाद्य निवडतो, निदान नाकारू तरी शकतो. मातंग समाजाच्या वाट्याला हलगी आली ती गावकीचे काम म्हणून. लग्न असो, मयत असो वा देवाची पालखी, वाजवायला यायचे, आणि मान मात्र बाहेरचाच. वाद्य जन्माने ठरलेले होते. ‘मांग’ हा शब्द फडाच्या नावातून न वगळता तेच नाव तिकीट काढून पाहायला येणाऱ्यांसमोर फलकावर लावणे, याचा अर्थ त्या पार्श्वभूमीवर वाचावा लागतो. कोणी कोणत्या रांगेत उभे राहायचे हे ठरवण्याचा अधिकार फडात थोडातरी कलावंताकडे आला. गावकीत तो नव्हताच.

स्वेच्छेने मागे सरकल्याचे उदाहरण शास्त्रीय संगीतात सापडते. अन्नपूर्णादेवी आधी सतार शिकत होत्या. वडील व गुरू अल्लाउद्दीन खाँ यांनी त्यांच्यापुढे सूरबहार ठेवला. सूरबहार म्हणजे थोराड, खर्जातली सतार. लांब मींड, संथ आलाप, टाळ्या कमी. त्यांनी तो स्वीकारला, पुढे मैफली सोडल्या आणि मुंबईच्या घरात २०१८ मध्ये निधन होईपर्यंत त्या मुख्यतः गुरू म्हणून जगल्या. निखिल बॅनर्जी आणि हरिप्रसाद चौरसिया त्यांच्याकडे शिकले. वाद्य बदलले की माणसाचे ऐकणेही बदलते, हे त्यांच्या शिष्यांच्या वादनात ऐकू येते. बासरीवादकाला सूरबहारवाली शिकवते, यातच सगळे आले.

विजेचे युग आल्यावर समीकरण पुन्हा बदलले. १९५१ मध्ये लिओ फेंडरने पडदे असलेला विजेरी बेस बाजारात आणला आणि अंगाएवढा डबल बेस वाहून नेण्याची गरज कमी झाली. मुंबईच्या चित्रपटसंगीतात राहुलदेव बर्मन यांच्या वाद्यवृंदात टोनी वाझ यांचा बेस गिटार आला. हाच आवाज चित्रपटगीतांबरोबर तमाशाच्या तंबूत शिरला. प्रेक्षकांची फर्माईश बदलली, आणि तंबूच्या रंगमंचावर सिंथेसायझर व ऑक्टोपॅड बसले. सिंथेसायझरची एक कळ दाबून ठेवली की षड्ज रात्रभर हलत नाही, दव पडो की न पडो. सुरत्याची अर्धी गरज तिथेच संपली.

उरलेली अर्धी, म्हणजे झील, कळ दाबून येत नाही. गण-गौळण आखडली आणि झिलीचे प्रसंगच कमी झाले, हे खरे नुकसान. यंत्राला दोष देणे सोपे आहे. पण सुपारी ठरवताना गण-गौळण किती वेळ चालणार, हे विचारणारे कमी आणि गाणी कोणती हे विचारणारे अधिक, हेही तितकेच खरे.

आंबेगाव-जुन्नरच्या यात्रांत दिवसा बैलगाडे पळतात आणि रात्री तमाशा उभा राहतो. त्याच गावांत खंडोबाचे जागरण असले की वाघ्या येतो, आंबेगावातील धामणीच्या खंडोबालाही येतो. त्याच्या हातात अजून तुणतुणे असते. मुरळी पुढे नाचते, दिमडी वाजते, आणि तो अधूनमधून खुंटी पिळतो.