बेने इस्रायल समाजातील दानधर्म

बेने इस्रायल समाजातील दानधर्म म्हणजे कोकणात स्थायिक झालेल्या मराठीभाषक ज्यू समाजाने आपली प्रार्थनामंदिरे, दफनभूमी, शाळा आणि गरजू कुटुंबे यांच्या पोषणासाठी चालविलेली देणग्यांची परंपरा होय. या समाजात प्रार्थनामंदिरास (सिनेगॉग) पूर्वापार ‘मशीद’ म्हणत. मुंबईतील मशीद बंदर या स्थानकाचे नावही अशाच एका प्रार्थनामंदिरावरून पडल्याचे सांगितले जाते.

धार्मिक आधार

ज्यू धर्मात दानासाठी ‘त्सेदाका’ हा हिब्रू शब्द रूढ आहे. त्याचे मूळ ‘न्याय’ या अर्थाच्या शब्दात असल्याने दान ही दात्याची कृपा नसून त्याचे कर्तव्य मानले जाते. बाराव्या शतकातील धर्मपंडित मायमोनिडीस याने दानाच्या आठ पायऱ्या सांगितल्या. घेणाऱ्याला स्वतःच्या पायांवर उभे करणारे साहाय्य त्याने सर्वांत वरच्या पायरीवर ठेवले आहे. पुरीम या सणाला गरिबांना देणे आवश्यक मानलेले आहे.

गावपातळीवरील व्यवस्था

अलिबागजवळील नवगाव येथे जहाज फुटून आपले पूर्वज किनाऱ्यास लागले, अशी या समाजाची परंपरागत श्रद्धा आहे. शनिवारी घाणा बंद ठेवणारे तेली म्हणून ते ‘शनिवार तेली’ या नावाने ओळखले जात. अनेक गावांत त्यांची घरे मोजकीच असल्याने स्वतंत्र मंदिर बांधणे त्यांना शक्य नव्हते. पुढे रेवदंडा (१८४२), अलिबाग (१८४८) आणि पनवेल (१८४९) येथे मंदिरे उभी राहिली. मुकादम, चौगुला, गबाई (खजिनदार), हजान (प्रार्थना चालविणारा) आणि शमाश (देखभाल करणारा) असे मंडळींचे मानकरी व सेवेकरी असत.

मंडळींचा खर्च प्रामुख्याने लहान रकमांवर चाले. तोरा वाचनाच्या प्रसंगी पाचारण होण्याचा मान मिळालेली व्यक्ती मंदिरासाठी देणगी जाहीर करी. शब्बाथच्या दिवशी पैशांना हात लावणे निषिद्ध असल्यामुळे त्या दिवशी केवळ उच्चार होई व रक्कम नंतर गबाईकडे जमा केली जाई. शब्द दिला म्हणजे तो पाळलाच पाहिजे, या धारणेवर सारा व्यवहार उभा होता. नवस फेडताना पोहे, नारळ, साखर व फळे यांचा ‘मलिदा’ करून एलियाहू हन्नाबी यांचे स्मरण करण्याची प्रथाही याच भावनेशी जोडलेली आहे.

शाआर हारहमीम

मुंबईतील पहिले प्रार्थनामंदिर एका नवसातून उभे राहिले. ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतील देशी अधिकारी सॅम्युएल इझिकियल दिवेकर (समाजी हसाजी दिवेकर) हे म्हैसूरच्या युद्धात टिपू सुलतानाच्या कैदेत सापडले. सुटका झाल्यास मंदिर बांधीन, असा संकल्प त्यांनी तेथे केल्याची परंपरा आहे. १७९६ मध्ये मांडवी भागात ते मंदिर बांधले गेले. त्यासाठी तोराच्या गुंडाळ्या आणण्यास ते कोचीनला गेले असता १७९७ मध्ये तेथेच त्यांचे निधन झाले. १८६० मध्ये हे मंदिर नव्या जागी बांधण्यात आले. येथे दाता हा बाहेरचा धनिक नव्हता, तर मंडळींपैकीच एक सैनिक होता, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

ससून घराण्याचे दान

बगदादहून आलेले व्यापारी डेव्हिड ससून (१७९२–१८६४) व त्यांचे वंशज यांच्यामुळे दानाचे प्रमाण पालटले. भायखळ्याचे मागेन डेव्हिड, पुण्याचे ओहेल डेव्हिड अर्थात ‘लाल देऊळ’ (१८६७) आणि मुंबईच्या फोर्ट भागातील केनेसेथ एलियाहू (१८८४) ही मंदिरे या घराण्याने उभारली. डेव्हिड ससून यांची समाधी लाल देवळाच्या आवारात आहे. पुण्याचे ससून रुग्णालय मात्र सर्व जातिधर्मांच्या रुग्णांसाठी होते.

या दानाला एक दुखरी बाजू आहे. बगदादी ज्यूंपैकी अनेक जण बेने इस्रायलांना धर्मदृष्ट्या समान मानीत नसत. १८३६ मध्ये काही बगदादी ज्यूंनी मुंबईतील सामाईक दफनभूमीत मध्ये भिंत घालण्याची मागणी सरकारकडे केली होती. पुण्यातील बेने इस्रायलांनी रास्ता पेठेत सुक्कथ शेलोमो (१९२१) हे स्वतंत्र मंदिर उभारले. एकाच धर्माच्या दोन मंडळी एकाच शहरात वेगळ्या नांदल्या. देणगीने इमारत उभी राहते, पण पंक्तिभेद तेवढ्याने मिटतोच असे नाही.

शिक्षणासाठी साहाय्य

हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी १८५३ मध्ये समाजातील शिक्षणप्रसारासाठी मंडळ स्थापन केले व १८७५ मध्ये मुंबईत इस्रायली मुलांसाठी शाळा सुरू केली. लंडनच्या अँग्लो-ज्यूइश असोसिएशनचे अनुदान या शाळेस मिळे. समाजाचा इतिहासही केहिमकरांनीच लिहिला. तो १९३७ मध्ये तेल अवीव येथे प्रसिद्ध झाला. पुढे सर एली कदूरी या उद्योगपतींच्या मोठ्या देणगीनंतर शाळेस त्यांचे नाव देण्यात आले. आज माझगावच्या या शाळेतील बहुसंख्य विद्यार्थी ज्यू नाहीत. ज्या समाजासाठी शाळा निघाली तो पांगला, तरी ती चालू राहिली. स्त्रियांच्या ‘स्त्री मंडळ’ (१९१३) या संस्थेनेही समाजकार्यात वाटा उचलला.

स्थलांतरानंतरची स्थिती

१९४८ मध्ये इस्रायल राष्ट्र स्थापन झाल्यानंतर मोठ्या प्रमाणावर स्थलांतर झाले. १९५१ च्या जनगणनेत भारतात सुमारे २६,५०० ज्यू होते. २०११ मध्ये ही संख्या ४,६५० वर आली. कोकणातील मंदिरांची खरी अडचण येथे आहे. सामुदायिक प्रार्थनेतील काही भाग म्हणण्यासाठी किमान दहा प्रौढ पुरुषांची उपस्थिती (मिन्यान) लागते. छप्पर देणगीतून दुरुस्त करता येते, दहा माणसे मात्र देणगीतून आणता येत नाहीत.

अलीकडे मंदिरांच्या जतनासाठी समाजाबाहेरूनही साहाय्य मिळू लागले आहे. जेएसडब्ल्यू फाउंडेशन व काळा घोडा असोसिएशन यांच्या साहाय्याने केनेसेथ एलियाहूचा जीर्णोद्धार झाला व २०१९ मध्ये ते पुन्हा खुले झाले. महाराष्ट्र शासनाने २०१६ मध्ये ज्यू समाजाला अल्पसंख्याक दर्जा दिला.