डॉक्टर येत नाहीत, की घडवलेच जात नाहीत?

१६ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी चंद्रपुरात धम्मदीक्षा दिली. तिथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आले २०१५ मध्ये. १९८२ साली वेगळ्या झालेल्या गडचिरोलीला त्यासाठी २०२४ उजाडले. तरी ‘जंगलात डॉक्टर जात नाहीत’ हेच आम्ही ऐकतो.

याच गडचिरोलीत डॉ. राणी व अभय बंग यांच्या ‘सर्च’ने गावातल्याच बायांना नवजात बाळाची काळजी शिकवली, इंजेक्शनही त्यांच्या हाती दिले. तुलनेच्या गावांपेक्षा ३९ गावांत नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ने ते छापले. (म्हणून शासनाने डॉक्टरची जागा रिकामी ठेवावी, असा अर्थ नाही.) मग ‘मेरिट’ कोणाचे कमी पडते? गोंडी, माडिया बोलणारी किती पोरं इथे एमबीबीएसला आहेत? नीटच्या शिकवणीचे पैसे एटापल्लीच्या पोरीने आणायचे कुठून?