पाव, पिझ्झा आणि परका हात

पिझ्झा इटलीचा आणि तो मुलांच्या हट्टापायी आपल्या घरात शिरला, असे आपण धरून चालतो. वरच्या टोमॅटो-चीजपुरते ते खरेही आहे. पण खालचे जे पीठ, म्हणजे मैदा, पाणी, मीठ आणि यीस्ट एकत्र मळून फुगवलेला गोळा, त्याची व मराठी मुलखाची ओळख जवळजवळ पाचशे वर्षांची आहे. नवल एवढेच की एवढ्या काळात हिंदू मराठी घरातल्या बाईने किंवा बुवाने ते पीठ स्वतःच्या परातीत क्वचितच मळले. पाव आला तो नेहमी बाहेरून, दुसऱ्याच्या हातचा. असे का झाले, त्यापायी कोणाकोणाला काय सोसावे लागले, आणि आज बेसिंगस्टोकसारख्या गावात तेच पीठ आपल्या ओट्यावर कसे आले, याची ही हकिकत.

आंबवणे आपल्याला नवे नव्हते. आंबोळ्या, धिरडी, सांदणे, अनारसे, जिलबी हे सगळे आंबवणाचेच प्रकार. यीस्टसाठी संस्कृतात ‘किण्व’ असा स्वतंत्र शब्द आहे आणि कौटिल्याच्या अर्थशास्त्रात मद्याच्या प्रकरणात तो येतो. पण आपले आंबवण मुख्यतः तांदळाचे नि डाळीचे. गव्हाची कणीक आपण मळून लगेच तव्यावर टाकतो. पाव भाजायला चहूबाजूंनी तापणारी बंद भट्टी लागते आणि आपल्या घरात होती चूल. चुलीवर तवा बसतो, पाव भाजत नाही. तेव्हा पहिली अडचण साधनाची होती. दुसरी अडचण मात्र साधनाची नव्हती.

पोर्तुगीजांनी १५१० साली गोवा घेतला. त्यांना रोजच्या जेवणाला पाव हवा, ख्रिस्ती उपासनेलाही गव्हाची भाकर हवी. पण पीठ फुगवायला त्यांच्याकडचे खमीर इथे मिळेना. तेव्हा माडाची ताजी ताडी, म्हणजे गोव्यात जिला सूर म्हणतात ती, पिठात घालायची युक्ती निघाली. ताडीत यीस्ट आपोआप वाढते, त्यामुळे पीठ उत्तम फुगते. त्यांच्या ‘पांव’ या शब्दाचा आपला ‘पाव’ झाला आणि ‘पादैरु’चा ‘पोदेर’. सायकलचा भोंगा वाजवत पहाटे दारोदार पाव आणि कोंड्याची पोई देणारा पोदेर गोव्यात आजही दिसतो. वसईकडच्या ख्रिस्ती घरांतले फुगेही पूर्वी ताडीवरच फुगत. म्हणजे मराठी बोलणाऱ्यांपैकी ज्यांनी हे पीठ खरोखर घरचे केले ते आपले ख्रिस्ती बांधव, हे आधीच नमूद केलेले बरे.

बाकीच्यांनी मात्र पावापासून अंग चोरले. एक तर त्यात ताडी. दुसरे म्हणजे पाण्यात कालवलेले अन्न कोणाच्या हातचे चालते आणि कोणाच्या हातचे नाही, याचे नियम कडक होते. आणि पाव तर म्लेंच्छाच्या हातचा. त्यात अफवांची भर. पावाचे पीठ पायांनी तुडवतात म्हणून त्याला ‘पाव’ म्हणतात, ही व्युत्पत्ती आपल्यापैकी अनेकांनी लहानपणी ऐकली असेल. शब्द पोर्तुगीज आहे, त्याचा पायाशी काडीचा संबंध नाही. तीच गोष्ट विहिरीची. मिशनऱ्यांनी विहिरीत पाव टाकला, लोक नकळत ते पाणी प्याले आणि अख्खा गाव बाटला, ही कथा कोकणात घरोघरी सांगितली जाई. गोव्यातील आणि वसईतील धर्मांतरामागे सत्ता, जमीन, सक्ती, श्रद्धा अशी अनेक कारणे होती. पावाच्या तुकड्याने ती उलगडत नाहीत. पण कथेतून एक गोष्ट कळते. पाव हा पदार्थ उरला नव्हता, ती सीमारेषा झाली होती.

आणि म्हणूनच ज्यांना ती रेषा ओलांडायची होती त्यांनी नेमका पावच उचलला. १८४९ साली मुंबईत परमहंस सभा स्थापन झाली. मराठी व्याकरणकार दादोबा पांडुरंग तर्खडकर हे तिचे प्रमुख प्रेरक आणि राम बाळकृष्ण जयकर हे अध्यक्ष. सभेला जातिभेद मान्य नव्हता. पण सारा कारभार गुप्त. सभासद होताना ख्रिस्ती माणसाने भाजलेल्या पावाचा तुकडा खाऊन दाखवावा लागे. आज आपण ट्रॉलीत बेफिकीरपणे टाकतो ती वस्तू तेव्हा क्रांतीची दीक्षा होती! १८६० साली सभासदांच्या नावांचे कागद बाहेर फुटले, घबराट झाली आणि सभा मोडली. तिच्यातल्याच काही मंडळींनी पुढे १८६७ मध्ये प्रार्थना समाज उभा केला, आणि तो मात्र उघडपणे.

तीस वर्षांनी पुण्यात याच नाटकाचा दुसरा अंक झाला. ऑक्टोबर १८९० मध्ये पंचहौद मिशनमध्ये शहरातील प्रतिष्ठित मंडळींना व्याख्यानाला बोलावले होते. नंतर चहा आणि बिस्किटे समोर आली. कोणी घेतली, कोणी पेला नुसता हातात धरला, कोणी बाजूला ठेवला. गोपाळराव जोशी, म्हणजे डॉ. आनंदीबाईंचे यजमान, यांनी हजर असलेल्यांची नावे ‘पुणे वैभव’ पत्रातून छापून आणली. त्यांत न्यायमूर्ती रानडे होते आणि लोकमान्य टिळकही. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, चौकशी बसली, ग्रामण्य झाले. आपण काशीला प्रायश्चित्त घेतल्याचे टिळकांनी सांगितले. रानड्यांनी १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतले, तेव्हा सुधारकांनी त्यांना बोल लावला आणि सनातन्यांचे समाधान झाले नाही ते नाहीच. हायकोर्टापर्यंत पोचणाऱ्या विद्वानाला पेलाभर चहाने एवढे हैराण करावे, हे आज वाचताना हसू येते. पण वाळीत पडलेल्या घरात मुलीचे लग्न अडते, श्राद्धाला भटजी येत नाही, हे ध्यानात घेतले की हसू आवरते.

हेही विसरू नये की ही सगळी चर्चा वरच्या जातींच्या ताटापुरती होती. ज्यांना अस्पृश्य ठरवले होते, त्यांचा प्रश्न पाव खावा की नाही हा नव्हता. साध्या पाण्याला हात लावता येईल का, हा होता. जोतीरावांनी १८६८ मध्ये घरचा हौद त्यांना खुला केला आणि महाडच्या चवदार तळ्याचे पाणी बाबासाहेबांनी ओंजळीत घेतले ते २० मार्च १९२७ रोजी. पावाची बंदी आणि पाण्याची बंदी एकाच खुंट्याला बांधलेल्या होत्या.

रूढी मोडली ती व्याख्यानांपेक्षा भुकेने. मुंबईत गोव्याच्या पोदेरांनी बेकऱ्या घातल्या, मागाहून इराणी आले, आणि गिरण्यांच्या पाळ्यांत राबणाऱ्या माणसाला चहा-पावाइतके सोयीचे दुसरे काही नव्हते. मध्यमवर्गात पाव शिरला तो औषधाच्या दाराने. माझ्या आजीने जन्मात पाव खाल्ला नाही, पण ताप उतरलेल्या नातवाला दुधात बुडवून भरवायला तिची हरकत नसे. नंतर हात मात्र धुवायची. १९६६ च्या सुमारास दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्यांनी बटाटेवडा पावात घातला आणि उरलासुरला सोवळेपणा तळणाच्या वासात विरून गेला.

इथे नेपल्सची आठवण होते. पिझ्झा हेही तिथल्या गरीब, कामकरी लोकांचे रस्त्यावर उभ्याने खायचे अन्न. १८८९ मध्ये राणी मार्गेरिटासाठी राफाएले एस्पोझितोने पिझ्झा केल्याची गोष्ट प्रसिद्ध आहे आणि इतिहासकारांना तिच्याबद्दल शंका आहेत. पण राणीच्या कितीतरी आधीपासून तो गल्लीत विकला जात होता. बटाटा आणि मिरची अमेरिकेतून आपल्याकडे आली, तसा टोमॅटो अमेरिकेतून इटलीत गेला. बेकरीचे फुगवलेले पीठ आणि समुद्रापलीकडची भाजी: वडापाव व पिझ्झा हे या अर्थी मावसभाऊच म्हणायचे.

आता आपल्या गावाकडे येऊ. १९६१ मध्ये लंडनची जादा वस्ती सामावून घेण्याचा करार झाला, तेव्हा बेसिंगस्टोक हे सुमारे पंचवीस हजार वस्तीचे बाजाराचे गाव होते. आज ते लाखाच्या पुढे आहे. नवे रस्ते झाले आणि एवढे गोल चौक झाले की लोक थट्टेने गावाला ‘डोनट सिटी’ म्हणू लागले. म्हणजे टोपणनावही फुगवलेल्या पिठाचेच! इस्पितळ, विमा कंपन्या, कॉम्प्युटरच्या कंपन्या यांच्या ओढीने आपली कुटुंबे इथे येत गेली.

योगायोग असा की त्याच १९६१ साली हर्टफर्डशरमधील चॉर्लीवुडच्या संशोधनकेंद्रात इंग्लंडच्या पावाचे नशीब बदलले. भरपूर वेगाने फिरणारी यंत्रे, थोडे घट्ट स्निग्ध, क जीवनसत्त्व आणि जास्तीचे यीस्ट वापरून पीठ मुरवण्याचे तास काही मिनिटांवर आणले गेले. पिठापासून कापलेल्या पावापर्यंत सगळे साडेतीन तासांच्या आत. इंग्लंडचा मऊ, कमी प्रथिनांचा गहूही त्यामुळे चालू लागला आणि पाव स्वस्त झाला. युद्धानंतर १९४६ ते १९४८ या काळात ज्या देशाने पावावरही रेशन पाहिले, त्याला याचे मोल होते. आजही इथला बहुतेक पाव याच पद्धतीने होतो. आपल्याला तो ‘कापसासारखा’ लागतो, कारण त्याला आंबायला वेळच दिलेला नसतो. इडलीचे पीठ तासाभरात आंबवून वाढले तर आपण काय म्हणू?

पिझ्झाही इथे प्रथम दुकानातूनच आला. १९६५ मध्ये पीटर बॉइझट यांनी लंडनच्या वॉर्डर स्ट्रीटवर पिझ्झा एक्स्प्रेस काढले, पुढे घरपोच खोकी सुरू झाली. पण दरम्यान आणखी एक गोष्ट घडली, जिची नोंद कोणी घेतली नाही. परदेशी मराठी घरात प्रथमच प्रत्येक स्वयंपाकघरात भट्टी आली, कारण कुकरखाली ओव्हन असतोच. आणि १९७० च्या दशकापासून झटपट सुके यीस्ट पुडीत मिळू लागले. ताडी नको, पोदेर नको. ग्रामण्याची भीती तर केव्हाच समुद्रात बुडाली होती. पाचशे वर्षांच्या सगळ्या अडचणी एकदम सरल्या आणि परात तेवढी पुढे ओढायची राहिली.

कौशल्य तर आपल्या घरात होतेच. पुरणपोळीची कणीक सैल भिजवून, पाणी-तेल लावत, तिंबून तिंबून तार धरेपर्यंत आणणारी बाई जे करते तेच पिझ्झ्याला लागते. ओढले असता न फाटता पातळ पडदा व्हावा, ही कसोटी दोन्हीकडे एकच. फरक पिठाचा. पोळीच्या पिठातला कोंडा ते जाळे तोडतो, म्हणून इथे ‘स्ट्राँग’ लिहिलेले पांढरे पीठ घ्यावे. अर्धा किलो पिठाला सुमारे सव्वातीनशे मिलिलिटर पाणी, दहा ग्रॅम मीठ, रात्रभर मुरवायचे असेल तर पाव चमचा यीस्ट आणि घाई असेल तर दीड चमचा. मळून झाकून फ्रिजमध्ये ठेवावे, दुसऱ्या दिवशी दोन-तीन तास आधी बाहेर काढून गोळे करावेत. थंडीत गोळे फुगायला जागा तीच, जिथे आपण इडलीचे पीठ ठेवतो: गरम पाण्याच्या टाकीचे कपाट. नव्या घरांत ते कपाट गेले असेल तर ओव्हनचा नुसता दिवा पुरतो. नेपल्सच्या भट्टीत साडेचारशे अंशांच्या आसपास पिझ्झा दीड मिनिटात होतो. आपला ओव्हन अडीचशेला थांबतो. म्हणून बिडाचा तवा अर्धा तास आत तापवून त्यावर पिझ्झा सरकवावा. सात-आठ मिनिटांत तळ कुरकुरीत होतो. भाकरीचा तवा असा कामी येईल, हे भाकरी करणारीला कधी वाटले नसेल.

विकतचे वाईट आणि घरचे पवित्र, असा माझा दावा नाही. तसा दावा केला तर आपण पुन्हा त्या जुन्या सोवळ्यातच शिरू. फक्त ‘परक्या हाता’च्या जागी कारखाना येईल. मला महत्त्वाचे वाटते ते वेगळेच. आपल्या पूर्वजांना पावाची भीती नव्हती, तो मळणाऱ्या हाताची होती. त्या हातांनी, म्हणजे गोव्याच्या पोदेरांनी, वसईच्या घरांनी, इराण्यांनी, आपल्या आजोबा-पणजोबांची भूक भागवली आणि बदल्यात पायांनी पीठ तुडवल्याचा आळ घेतला. बेसिंगस्टोकमध्ये वाढणाऱ्या आपल्या मुलांना यातले काही ठाऊक नाही, आणि शाळेत कोणी सांगणारही नाही. पुढच्या शनिवारी पीठ मळायला त्यांनाही बसवा. मळायला दहा मिनिटे लागतात, तेवढ्या वेळात दादोबा पांडुरंगांच्या त्या पावाच्या तुकड्याची गोष्ट आरामात सांगून होते.